नाना शंकरशेट आणि विश्वासाचे भांडवल

सुरतेजवळील उधना येथून जळगावला जाणारा लोहमार्ग नंदुरबार, अमळनेर करीत धरणगावावरून जातो. आमच्या भागातील कापूस आणि तेलबियांचा व्यापार गेली शंभराहून अधिक वर्षे या मार्गाशी बांधलेला आहे. कापडाच्या खरेदीसाठी सुरतेला जाणारा दुकानदार आणि कामाच्या शोधात निघालेला कारागीर हाच रस्ता धरतो. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळे येथे पंतप्रधानांच्या हस्ते या मार्गाचे दुहेरीकरण व विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण झाले. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी तासन्‌तास थांबणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या बदलाचे मोल सांगावे लागत नाही.

परंतु या देशात रेल्वे मुळात आली कशी, तिचा आग्रह कोणी धरला, तिला पैसा कोणत्या अटींवर मिळाला आणि त्या अटींचा परिणाम काय झाला, याचा विचार व्यापारी माणूस सहसा करीत नाही. तो करणे अगत्याचे आहे. कारण भांडवल कसे उभे करावे, भागीदार कसा निवडावा, दुसऱ्याच्या पैशाशी कसे वागावे, हे आपल्या दुकानातील रोजचे प्रश्न त्या मोठ्या उद्योगातही तसेच उभे राहिले होते. म्हणून या पाठासाठी आम्ही मुंबईचे नाना शंकरशेट यांचे चरित्र निवडले आहे.

सराफाच्या घरातील मुलगा

नानांचे पूर्ण नाव जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराणे दैवज्ञ, म्हणजे सोनार समाजातील. पूर्वज घोडबंदरहून मुंबईस येऊन स्थायिक झाले होते. वडील शंकरशेट यांनी मुंबईत व्यापार करून मोठी संपत्ती मिळविली. नाना ऐन तारुण्यात असतानाच वडिलांचे छत्र हरपले आणि पेढीचा सगळा भार त्यांच्यावर आला.

वडिलांची आयती इस्टेट हाती आलेले तरुण काय करतात, हे आपण आपल्या गावातही पाहतो. नानांनी ती इस्टेट उधळली नाही आणि तिजोरीत कोंडूनही ठेवली नाही. व्यापार वाढविला आणि त्याबरोबर मुंबईच्या सार्वजनिक कामात स्वतःला गुंतविले. एल्फिन्स्टन साहेबाच्या काळात सुरू झालेल्या शिक्षणाच्या चळवळीत ते पहिल्यापासून होते. १८४० साली शाळांच्या कारभारासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले. त्यात हिंदी सभासदांपैकी नाना एक, पारशी समाजाचे फ्रामजी कावसजी दुसरे आणि कोकणी मुस्लिम समाजाचे मुहम्मद इब्राहिम मुक्बा तिसरे. मुलींना शिकविणे लोकांना पटत नव्हते त्या काळात, १८४८-४९ च्या सुमारास, नानांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. २६ ऑगस्ट १८५२ रोजी सर्व समाजांच्या प्रमुखांनी मिळून बाँबे असोसिएशन स्थापन केली. तिच्या प्रमुख चालकांत नाना होते. १८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली.

ही यादी आम्ही गौरवासाठी देत नाही. रेल्वेसारखे काम उभे करायचे तर सरकार, गोरे व्यापारी, पारशी, हिंदू, मुसलमान अशा सर्वांशी ज्याचे बोलणे आहे असा माणूस लागतो. नानांनी ते बोलणे वीस वर्षे आधीपासून जोडून ठेवले होते, हे लक्षात यावे म्हणून दिली.

अमानत आणि कर्ज

नानांविषयी एक गोष्ट त्यांच्या चरित्रांत नेहमी सांगितली जाते. मुंबईत येणारे अरब आणि अफगाण व्यापारी आपला पैसा व मौल्यवान जिन्नस बँकेत न ठेवता नानांच्या हवाली करीत. परदेशचा, परधर्माचा व्यापारी, भाषा वेगळी, पुन्हा कधी येईल त्याचा नेम नाही. तरी तो आपली कमाई या सोनार घराण्यातील शेटकडे ठेवून निर्धास्त गलबतात बसत असे.

आमच्या वाचकांना ही गोष्ट नवीन वाटू नये. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांना प्रेषितत्व मिळण्याच्या आधीपासून मक्केचे लोक ‘अल-अमीन’ म्हणत. जे त्यांचे विरोधक झाले त्यांच्याही ठेवी त्यांच्याकडे असत, आणि हिजरतीच्या वेळी त्या परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. ठेव तिच्या मालकाला पोचती करावी, ही कुरआनची स्पष्ट आज्ञा आहे (सूरह अन-निसा, आयत ५८).

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. अमानत आणि कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमानत म्हणून ठेवलेली रक्कम मालकाच्या परवानगीवाचून धंद्यात वापरता येत नाही. कर्ज म्हणून घेतलेली रक्कम वापरता येते. पण ती बुडाली, चोरीस गेली तरी भरून द्यावीच लागते. हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांच्याकडे लोक ठेव घेऊन येत तेव्हा ते म्हणत की ही अमानत नको, कर्ज म्हणून राहू दे. अमानत हरवली तर देणाऱ्याचे नुकसान होईल, याची त्यांना भीती वाटे. त्यांच्या वफातीनंतर देणे फार मोठे निघाले. त्यांचे पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांनी जमीन विकून ते सर्व फेडले, तेव्हाच वारसाची वाटणी केली.

आपल्याकडे काय होते? कोणी हजला जाण्यासाठी साठविलेले पैसे, कोणी मुलीच्या लग्नाचे पैसे ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवतो. दुकानदार ते मालात घालतो. मनात बुडविण्याचा हेतू नसतो, पण माल अडकतो, उधारी येत नाही, आणि ठेवणारा दारात उभा राहतो. मग वर्षानुवर्षांची दुकानदारी एका दिवसात संपते. घेतानाच विचारून ठरवावे, ही अमानत आहे, कर्ज आहे की धंद्यातील वाटा आहे. तिन्हींचे नियम निराळे आहेत.

रेल्वेचा विचार कोठून आला

इंग्लंडात १८२५ आणि १८३० साली वाफेच्या गाड्या सुरू झाल्या. मुंबईत रेल्वेचा विचार १८४३ च्या सुमारास सरकारी इंजिनियर जॉर्ज क्लार्क याने मांडला. मुंबई बेट कुर्ला, ठाणे, कल्याण आणि पुढे घाटांपर्यंत जोडावे असा तो विचार होता. १८४४ साली मुंबईतील व्यापारी व प्रतिष्ठित नागरिकांनी सभा घेऊन तो सरकारपुढे नेला. यात नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई हे दोघे आघाडीवर होते. मंडळाच्या कचेरीसाठी नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली असे सांगितले जाते.

जमशेटजींची ओळखही आमच्या वाचकांना असावी. १७८३ साली जन्मलेले हे पारशी गृहस्थ गरिबीतून वर आले आणि चीनच्या व्यापारात अमाप धन मिळविले. त्यांच्या पेढीचे भागीदार कोण होते? जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान व्यापारी मुहम्मद अली रोगे. पारशी, जैन आणि मुसलमान असे तिघे एका व्यापारात भागीदार होते. त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती. तो भाग आमच्या दृष्टीने अनुकरणीय नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण निरनिराळ्या समाजांचे लोक एका हिशेबावर विश्वासाने एकत्र काम करू शकतात, हे त्या काळच्या मुंबईने सिद्ध केले होते. रेल्वेची कल्पना रुजली ती अशा जमिनीत.

तिकडे लंडनमध्ये जॉन चॅपमन नावाचा गृहस्थ याच उद्योगाला लागला होता. १८०१ साली जन्मलेला चॅपमन हा घड्याळजीचा मुलगा. भावाबरोबर त्याने लेस विणण्याची यंत्रे बनविण्याचा कारखाना काढला. यंत्रे परदेशी पाठविण्यास इंग्लंडात कायद्याने बंदी होती, त्यात हा धंदा १८३४ साली बुडाला. नंतर त्याने लंडनच्या भाड्याच्या घोडागाडीत सुधारणा करून पेटंट मिळविले. मग हिंदुस्थानचा कापूस बंदरापर्यंत रेल्वेने आणण्याची योजना हाती घेतली, १८४५ साली स्वतः मुंबईस येऊन मार्गाची पाहणी केली आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जी. आय. पी. कंपनी उभी करण्यात मोठा वाटा उचलला. मुंबईच्या मंडळाचे प्रयत्न आणि लंडनची ही कंपनी यांची सांगड घातली गेली. कंपनीच्या दहा संचालकांत हिंदी माणसे दोनच, नाना आणि जमशेटजी.

चॅपमनची अखेर मात्र कारागीर बंधूंनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. संचालकांशी मतभेद होऊन त्याला कंपनीतून बाहेर पडावे लागले. आपल्या श्रमाच्या मोबदल्यासाठी त्याला झगडावे लागले आणि १८५४ साली पटकीच्या आजाराने तो वारला. कल्पना त्याची, पायपीट त्याची, पण कंपनी पैसेवाल्यांच्या हाती गेली. कसब हेच ज्याचे भांडवल आहे त्याने आपला वाटा काम सुरू होण्याआधी ठरवून घ्यावा, हा त्यातील बोध.

पाच टक्क्यांची हमी

आता या कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. रेल्वेला लागणारा पैसा इंग्लंडातून यावयाचा होता. तेथील श्रीमंत लोक हजारो मैलांवरच्या, न पाहिलेल्या देशात पैसा घालण्यास तयार नव्हते. त्यांना सरकारची हमी हवी होती. बरीच वर्षे वाटाघाटी चालल्या. १ ऑगस्ट १८४९ रोजी पार्लमेंटच्या कायद्याने जी. आय. पी. कंपनी रीतसर स्थापन झाली आणि १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीबरोबर तिचा करार झाला. करार असा की जमीन फुकट मिळेल, आणि कंपनीने गुंतविलेल्या भांडवलावर दरसाल पाच टक्के व्याज सरकार देईल. रेल्वेला नफा झाला नाही तरी देईल.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. रेल्वेची कमाई कमी पडली की उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या सरकारी तिजोरीतून जात असे. ती तिजोरी भरत होता येथील शेतकरी, शेतसाऱ्याने. म्हणजे नफा झाला तर लंडनच्या भागधारकाचा, आणि तूट आली तर खानदेशच्या कुणब्याची.

परिणाम व्हायचा तोच झाला. ज्याला व्याज काहीही झाले तरी मिळणार आहे, तो खर्चाचा हिशेब कशाला विचारील? सुरुवातीला दर मैलाला सुमारे आठ हजार पौंड खर्च धरला होता. हमीवर बांधलेल्या मार्गांना प्रत्यक्षात सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक खर्च आला. १८७२ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे माजी अर्थसचिव मॅसी यांनी साक्ष दिली. तिचा आशय असा की पैसे नदीत फेकले काय आणि विटा-चुन्यात घातले काय, भांडवल देणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. त्याआधीच, १८६९ साली, सरकारने नव्या मार्गांसाठी ही पद्धत सोडून स्वतः रेल्वे बांधण्याचे धोरण घेतले.

आमच्या वाचकांना व्याज हराम आहे हे ठाऊक आहे. पण त्यामागची व्यवहारातील हिकमत पुष्कळदा समजावून सांगितली जात नाही. ती या करारात उघड दिसते. व्याज घेणारा धंद्याचा साथी नसतो. धंदा बुडो की तरो, त्याला आपल्या टक्क्याशी काम. उलट मुजारबत किंवा शिरकतमध्ये पैसा देणारा आणि मेहनत करणारा दोघे एका नावेत बसतात. मुजारबतमध्ये एकाचा पैसा आणि दुसऱ्याचे श्रम. नफा ठरलेल्या प्रमाणात दोघांचा. तोटा आला तर पैसेवाल्याचा पैसा जातो आणि श्रम करणाऱ्याचे श्रम वाया जातात, मात्र त्याच्याकडून कसूर वा लबाडी झालेली नसावी. हजरत खदीजा (रजि.) यांच्या भांडवलावर प्रेषितांनी (स.) शामचा व्यापार केला तो याच प्रकारचा. अशा व्यवहारात भांडवलदार हिशेब विचारतोच, कारण त्याचेही काही जाणार असते. जी. आय. पी.च्या लंडनकर भागधारकांना तूट सोसावी लागली असती, तर मैलाचा खर्च दुपटीवर जाताना त्यांनी पहिल्याच वर्षी जाब विचारला असता.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. हमीशिवाय पैसा आला नसता असे त्या काळच्या पुष्कळांचे मत होते, आणि रेल्वे लवकर झाली हेही खरे. नाना आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे दुसरा मार्ग सोपा नव्हता. पण किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

पहिली गाडी आणि काम करणारे हात

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीव येथे कामाचा आरंभ झाला. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली होता. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. अंतर २१ मैल, डबे १४, पाहुणे सुमारे ४००, आणि ओढणारी इंजिने तीन. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. २१ तोफांची सलामी झाली. नाना आणि जमशेटजी त्या प्रवासात होते.

बांधकामाचे मोठे ठेके बहुतेक इंग्रज कंत्राटदारांना मिळाले. परंतु एक हिंदी नाव त्यात ठळकपणे येते, जमशेटजी दोराबजी नायगामवाला. हे पारशी गृहस्थ सुतारकामातून पुढे आले. शाळेचे शिक्षण बेताचे, पण लाकूड, माती, मजूर आणि मोजमाप यांची जाण पक्की. जी. आय. पी.च्या कामाचे त्यांनी ठेके घेतले आणि ते चोख पुरे केले. मुंबईच्या एका कारागिराने इंग्रज कंत्राटदारांच्या बरोबरीने काम करून दाखविले. आमच्या भागातील मिस्त्री, वेल्डर आणि सुतार बंधूंपैकी कितीजण मजुरीच्या पुढे जाऊन कामाचा अंदाज काढतात, दर लिहून देतात, ठेका स्वतःच्या नावावर घेतात? कसब कमी नाही. कागद आणि हिशेब कमी पडतो.

घाट ओलांडणे हे खरे कठीण काम होते. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली आणि थळघाटाचा मार्ग १८६५ च्या आरंभी खुला झाला. बोगदे, पूल आणि दरडी यांत हजारो मजुरांनी रोगराईने व अपघाताने प्राण गमावले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

खानदेशात रेल्वे आली तेव्हा

धरणगाव हे रेल्वेमुळे मोठे झालेले गाव नव्हे. ते त्याच्या कितीतरी आधीपासून बाजारपेठ होते. १६७४ साली इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने येथे वखार घातली, ती येथील कापड पाहूनच. येथे कापड विणले जाई आणि कागदही बनत असे. शेजारचे एरंडोल तर हातकागदासाठी प्रसिद्ध होते. कागदी घराण्यांची आठवण आमच्या समाजात अजून आहे.

रेल्वेपूर्वी खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरून मुंबईस जाई. वाटेत धूळ, पाऊस, चोरी. १८६० च्या दशकात जी. आय. पी.चा मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळला पोचला. नेमके त्याच वेळी, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद पडल्याने आपल्या कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. जळगाव एकाएकी कापसाची मोठी पेठ बनले. १८७० च्या दशकात तेथे कापड गिरणीही उभी राहिली. पूर्वी व्यापार धरणगाव-एरंडोलच्या बाजूने होता, तो स्टेशनच्या बाजूला सरकला. धरणगावला स्वतःचा लोहमार्ग मिळाला तो १९०० च्या सुमारास. सुरत ते अमळनेर हा सुमारे २५० किलोमीटरचा मार्ग ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीने बांधला. किलिक निक्सन ही मुंबईची पेढी तिची व्यवस्थापक होती. अमळनेर ते जळगाव हा जोड तयार झाल्यावर धरणगाव एका बाजूने सुरतेशी आणि दुसऱ्या बाजूने भुसावळशी जोडले गेले.

पण ज्या डब्यांतून कापूस गेला त्याच डब्यांतून गिरणीचे कापड आणि गिरणीचा कागद परत आला. एरंडोल-धरणगावचा हातकागद त्यापुढे टिकला नाही. हातमाग मागे पडला. तांडे घेऊन फिरणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांची वाहतूक संपली. बंदराकडे जाणारा कच्चा माल आणि बंदरातून येणारा पक्का माल यांना भाड्याचे दर सोयीचे ठेवले जात. गावच्या कारागिराची सोय पाहणारे त्यात कोणी नव्हते.

तरीही काही कारागीर टिकले. कसे टिकले ते पाहावे. १८५७ नंतर उत्तरेतून उपजीविकेसाठी निघालेले मोमीन विणकर मालेगाव, धुळे, भिवंडी येथे वसले. त्यांनी गिरणीशी सूत कातण्याची स्पर्धा केली नाही. गिरणीचेच सूत घेतले आणि गिरणीला परवडत नसलेले नऊवारी साडीसारखे कापड विणले. १९३५ च्या सुमारास मालेगावात यंत्रमाग आले तेव्हा तेही स्वीकारले. नवे साधन आले की त्याच्याशी भांडून उपयोग नाही आणि हातपाय गाळूनही नाही. त्यातील कोणता भाग आपल्या कामाचा आहे ते शोधावे लागते. मोबाइलवरून माल मागविणारे गिऱ्हाईक पाहून हताश झालेल्या आजच्या दुकानदारालाही हेच लागू आहे.

अमळनेरचा दाखला

याच ताप्ती मार्गावर, धरणगावपासून जवळच, आणखी एक दाखला आहे. मुंबईचे तांदळाचे व्यापारी मुहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदविली आणि अमळनेर येथे तेल व वनस्पती तुपाचा कारखाना काढला. भुईमुगाचा मुलूख, आणि माल नेण्यास रेल्वे. कंपनीचे भाग स्थानिक लोकांनीही घेतले. १९६६ साली प्रेमजी वारले तेव्हा त्यांचे पुत्र अझीम अवघे एकवीस वर्षांचे होते. अमेरिकेतील शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी कारभार हाती घेतला. तीच कंपनी पुढे विप्रो झाली. अमळनेरच्या ज्या साध्या कुटुंबांनी आपले भाग विकले नाहीत, त्यांच्या घरी ते कागद मोठी मालमत्ता ठरले.

रेल्वेच्या करारातील भागधारक आणि अमळनेरचा भागधारक यांत फरक आहे. पहिल्याला तोट्याची चिंता नव्हती. दुसऱ्याने तेलाच्या कारखान्याच्या नफ्या-तोट्यात वाटा घेतला आणि वाट पाहिली.

१८६५ चे वर्ष

अमेरिकेतील युद्ध १८६५ च्या एप्रिलमध्ये संपले आणि कापसाचे भाव कोसळले. तोवर मुंबईत शेअरचे वेड इतके वाढले होते की समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्यांचे कागद हातोहात खपत होते. वायद्याच्या सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ ही होती. त्या दिवशी देणी चुकविता न आल्याने पेढ्यामागून पेढ्या बसल्या. बँक ऑफ बॉम्बेही पुढे तीन वर्षांत गुंडाळावी लागली. कापूस खरा होता, रेल्वे खरी होती. बुडविले ते हातात नसलेल्या मालावर आणि नसलेल्या पैशावर केलेल्या सट्ट्याने.

त्याच महिन्यात, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना शंकरशेट यांचे निधन झाले. १८५७ च्या उठावाच्या वेळी त्यांच्यावर सरकारने संशय घेतला होता, पण त्यातून ते निर्दोष सुटले. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मुंबई सेंट्रल स्टेशनला त्यांचे नाव देण्याचा प्रस्ताव मंजूर केला. स्टेशनच्या पाटीपेक्षा त्यांची खरी आठवण ती अमानत ठेवणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांच्या विश्वासात आहे असे आम्हाला वाटते. रेल्वेसाठी सरकारच्या आणि व्यापाऱ्यांच्या दारी त्यांचा शब्द चालला, तो त्याच विश्वासामुळे.

व्यवहारात काय करावे

या चरित्रातून आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंसाठी पुढील गोष्टी निघतात.

१. दुसऱ्याचा पैसा हाती घेताना तो अमानत, कर्ज की भाग, हे त्याच वेळी लिहून ठेवावे. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहावा आणि साक्षीदार ठेवावेत, असा कुरआनचा आदेश आहे (सूरह अल-बकरा, आयत २८२). भाऊ असला, मेहुणा असला तरी लिहावे. लिहिण्याने नाते तुटत नाही, न लिहिल्याने तुटते.

२. भागीदारीत नफ्याचे प्रमाण ठरवावे, ठराविक रक्कम ठरवू नये. ‘दरमहा इतके द्या, बाकी तुमचे’ हा व्यवहार पाच टक्क्यांच्या हमीचाच भाऊ आहे.

३. भागीदारीची नोंदणी करावी. भारतीय भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीला करारातील हक्कासाठी बाहेरच्या माणसावर किंवा भागीदारावर दावा लावण्यात अडथळा येतो. भांडण झाल्यावर वकिलाकडून हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

४. कसब देणाऱ्याने आपला वाटा आधी ठरवावा. चॅपमनसारखे नंतर मागत फिरू नये.

५. भागीदार निवडताना जात-बिरादरी पाहण्याआधी त्याची वही पाहावी. मोतीचंद, रोगे आणि जमशेटजी एकमेकांचे नातेवाईक नव्हते.

६. मुलांना, आणि मुलींनाही, हिशेब व कायद्याची भाषा येईल इतके शिकवावे. नानांनी पेढीइतकेच शाळेकडे लक्ष दिले, ते उगाच नव्हे.

चर्चेसाठी प्रश्न

मशिदीत किंवा मोहल्ल्याच्या बैठकीत हा पाठ वाचल्यास पुढील प्रश्नांवर बोलावे. आपल्या गावात ठेव म्हणून दिलेला पैसा धंद्यात घातला जातो का, आणि त्याची नोंद असते का? चार कारागिरांनी मिळून एक यंत्र घ्यायचे ठरविले तर नफा आणि तोटा कोणत्या प्रमाणात वाटावा? रेल्वेने कागदी कारागिराचा धंदा नेला, विणकराचा पूर्ण नेला नाही. या दोघांत फरक कशाने पडला? आणि आज आपल्या दुकानासमोर तसा कोणता बदल उभा आहे?

अल्लाह आपल्या व्यापारात बरकत देवो आणि आपल्या हाती आलेली प्रत्येक अमानत तिच्या मालकापर्यंत पोचविण्याची तौफीक देवो.